चिकटले तर चिकटू दे

रविवारी रात्री मेस बंद. हॉस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाला हे वाक्य जन्मभर पुरतं. दुपारच्या फीस्टला चार पुऱ्या जास्त खाल्ल्या तरी रात्री नऊला पोट वाजायला लागतंच. मग कुणी वडापावच्या गाडीकडे पळतो, कुणी किटलीत मॅगी शिजवतो, तर कुणी दुसऱ्याच्या घरून आलेल्या चिवड्याच्या डब्यावर डोळा ठेवून उगाच अभ्यासाच्या गप्पा मारत बसतो. आम्ही दोघांनी मात्र मोमो करायचं ठरवलं. साधे उकडलेले नव्हे, तळाशी खरपूस भाजलेले. त्याच्याकडे त्यांना 'कोथे' म्हणतात.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझा रूम पार्टनर. मी मेकॅनिकलचा, तो सिव्हिलचा. माझं घर डहाणू-तलासरीच्या मधे, धुंदलवाडीच्या जवळच्या एका पाड्यावर. त्याचं घर उत्तर सिक्कीममध्ये, मंगनच्या बाजूला. तो नॉमिनी कोट्यातून आपल्या कॉलेजात आला. पहिल्या वर्षी विंगमधल्या पोरांनी त्याला काय काय नावं ठेवली ते इथे छापण्यासारखं नाही. त्या पोरांत मीही होतो, हे मात्र छापायला हरकत नाही.

तर मोमो. मैदा आणला, ड्रॉइंग बोर्ड धुऊन पुसून त्याचा पोळपाट केला (फर्स्ट इयरनंतर त्याचा काही उपयोग झाला असेल तर तो हाच), स्टीलच्या ग्लासने चकत्या पाडल्या. शेगडी म्हणजे पलंगाखाली लपवलेली कॉइल. ॲल्युमिनियमच्या पातळ पॅनमध्ये तेल टाकून मोमो ठेवले, पाणी ओतलं, झाकण ठेवलं. सगळे तळाला चिकटले. उलथन्याने काढायला गेलो तर वरचा भाग हातात आणि खालचा पॅनमध्ये. सारणाचं पिठलं झालं. तेवढ्यात एम.सी.बी. पडला. सगळी विंग अंधारात, आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्षाचं सबमिशन! पुढचं सांगत नाही. कॉइल जप्त झाली, दंड बसला, आणि रेक्टर सर जाता जाता पॅनकडे बघून म्हणाले, "निदान नीट तरी करायचं."

ते वाक्य लागलं. पार्टनरचं म्हणणं, पीठ चुकलं. माझं म्हणणं, भांडं चुकलं. पातळ ॲल्युमिनियम कॉइलच्या बरोबर वर जळतं आणि कडेला थंड राहतं. गार मोमो ठेवले की लगेच तापमान उतरतं. भांड्यात उष्णता साठवून ठेवणारं वजन हवं. हे मी हीट ट्रान्सफरच्या जोरावर बोलत होतो, पण डोळ्यासमोर होता आमच्या घरचा बिडाचा तवा. जाड, काळाकुट्ट, जरासा खोलगट, आजीच्या वेळचा. आई त्यावर घावन घालते. एका हाताने मला तो अजूनही नीट उचलत नाही.

दिवाळीची सुट्टी लागली. २०२४ सालची गोष्ट. सिक्कीमला जाऊन यायचं तर सुट्टीतला निम्मा वेळ गाडीतच जातो, म्हणून पार्टनर हॉस्टेलवरच थांबणार होता. म्हटलं, चल घरी. विरारहून डहाणू लोकल धरली (ही लोकल २०१३ साली डहाणू रोडपर्यंत आली, त्याआधी पॅसेंजरची वाट बघत बसायचो), डहाणू रोडला उतरून एस.टी.ने पुढे. त्याने बॅगेत घरून आलेली डल्ले मिरचीच्या लोणच्याची बरणी घेतली होती. डल्ले म्हणजे बोराएवढी गोल लाल मिरची. तिच्याबद्दल एवढंच सांगतो की, आमच्या बाबांनी ती आख्खी तोंडात टाकली आणि पुढची दहा मिनिटं घरात कुणी काही बोललं नाही.

आमच्या घरात शिरल्यावर पाहुण्याला एक गोष्ट विचित्र वाटते. स्वयंपाकघर आहे, ओटा आहे, गॅस आहे, पण संध्याकाळचा स्वयंपाक होतो अंगणात, चुलीवर. पावसाळ्यात पडवीत. आई दिवसा आत चहा करते, दूध तापवते, पण जास्त वेळ उभं राहून करायचं असं काही आत करत नाही. हे २०१९ पासून. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की आम्ही कधी विचारलंसुद्धा नाही.

२०१९ म्हणजे काय ते आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हलायला लागली. मोठा एकच धक्का नव्हे, लहान लहान धक्क्यांची रांग. खालून गुडगुड आवाज यायचा, पाठोपाठ भांडी वाजायची. १ फेब्रुवारी २०१९ ला, शुक्रवारी, एका दिवसात कितीतरी धक्के बसले. त्यातला दुपारचा ४.१ रिश्टरचा होता. घराबाहेर पळताना पडून एक लहान मुलगी गेली. शास्त्रज्ञ आले, यंत्रं बसली, तंबू आले, आणि थंडीच्या रात्री पाडेच्या पाडे बाहेर झोपायला लागले. मी तेव्हा शाळेत. आम्हाला मैदानात बसवून ठेवलं होतं आणि खरं सांगायचं तर आम्हाला मजा वाटत होती. गणिताचा तास बुडाला होता.

असो. मोमोकडे येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयारी. बाजारातून कोबी, कांद्याची पात, आलं, लसूण आणलं. पार्टनरच्या घरी सारणात मांस असतं. आमच्या अंगणातल्या कोंबडीकडे त्याने बघितलं, आईने त्याच्याकडे बघितलं, आणि तो विषय संपला. मग आईनेच डबा काढला. धाकटी डहाणूचा सुका जवळा! तो तिने तव्यावर कोरडा भाजला, हाताने चुरला आणि कोबीत टाकला. पार्टनर वास घेऊन खूश. चिनी लोकही अशा सारणात सुकी कोळंबी घालतात म्हणे. कोबी बारीक चिरून मीठ लावून ठेवायचा, पाणी सुटलं की घट्ट पिळायचा. ही पायरी आम्ही हॉस्टेलवर गाळली होती, आणि पिठल्याचं निम्मं पाणी तिथूनच आलं होतं.

मग पीठ. पार्टनर परातीत मैदा घेऊन गार पाणी मागतोय, तोवर आईने चुलीवरच्या आधणाचं पातेलं उचललं आणि उकळतं पाणी सरळ मैद्यात ओतलं. "आंटी! आंटी!" तो ओरडला. आईला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोदकाची उकड अशीच तर करतात. "ऐसाच करते है, पोरा. तू बघ." कालथ्याने ढवळून, हात पोळत पोळत तिने गोळा मळला आणि वर ओलं फडकं टाकलं.

अर्ध्या तासाने लाटायला घेतलं तर पीठ लोण्यासारखं. गार पाण्यात मळलेला मैदा लाटला की रबरासारखा परत आक्रसतो. हा आक्रसत नव्हता. आता ह्याचं कारण मला ठाऊक होतं, पण सुचलं नव्हतं. उकळत्या पाण्याने मैद्यातला स्टार्च फुगून मऊ होतो, आणि चिवटपणा आणणाऱ्या प्रथिनांची जाळी नीट बांधली जात नाही. तांदळाच्या पिठात ती जाळी मुळातच नसते, म्हणून तर मोदकाला उकड काढावीच लागते. तव्यावर करायच्या मोमोसाठी चीनमध्येही गरम पाण्याचंच पीठ वापरण्याची रीत आहे, हे मी नंतर वाचलं. आईने वाचलं नव्हतं. ती सवयीने ओतून मोकळी झाली.

चीनमध्ये या पदार्थाला 'जिआओझी' म्हणतात आणि तव्यावर भाजला की 'गुओतिए'. शब्दशः अर्थ, भांड्याला चिकटलेला. म्हणजे आमचं पॅनमध्ये जे झालं ते नावातच होतं! दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून परतलेल्या जपान्यांमुळे तोच पदार्थ जपानभर पसरला आणि तिथे 'ग्योझा' म्हणून घराघरात पोचला. कोरियात त्याला 'मांडू' म्हणतात. तिबेटकडून नेपाळ-सिक्कीमला आला तो मोमो. एवढा फिरलेला पदार्थ शेवटी आमच्या पाड्यावर जवळा घालून होत होता.

चकत्या भरायला आई, पार्टनर आणि मी. माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पार्टनर एकाच बाजूला चुण्या घालतो, दुसरी बाजू सपाट ठेवतो. त्यामुळे मोमो चंद्रकोरीसारखा वाकतो आणि तव्यावर बूड टेकून बसतो. आईने दोन बघितले, तिसरा स्वतः केला. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या आणि करंजीला मुरड घालणाऱ्या हाताला यात काय अवघड! "ही तर वाकडी करंजी," म्हणाली. पार्टनरचे दहा होईपर्यंत तिचे सोळा झाले होते, आणि तिचे जास्त सारखे होते. तो तिचा एक मोमो हातात धरून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, माझ्या आईचे पण असेच असतात.

बिडाचा तवा चुलीवर चढला. चांगला तापल्यावर तेल, आणि तेलावर मोमो, बूड खाली करून, एकमेकांना न चिकटवता. दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. बूड तांबूस झालं की अर्धा पेला पाणी ओतायचं आणि लगेच झाकायचं. आमच्याकडे तव्याला झाकण नाही, म्हणून आईने ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घातलं.

इथे आमच्या ब्रँचच्या मंडळींनी जरा लक्ष द्यावं. तव्यात पाणी आहे तोवर खालून कितीही जाळ घाला, मोमोचं बूड शंभर अंशांच्या फार वर जात नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. एक किलो पाण्याला २२५७ किलोज्यूल, म्हणजे आपल्या शंभर मिलिलिटरला सव्वादोनशेच्या आसपास. त्या वाफेत वरचा भाग शिजतो. पाणी संपलं की तवा एकदम वर चढतो, आणि दीडशेच्या घरात गेला की बुडाला तो रंग आणि तो वास येतो. मघाशी चिकटलेलं बूडही कुरकुरीत झालं की आपोआप सुटतं. म्हणजे सगळं गणित पाणी कधी संपतं त्याचं. आणि ते कळतं कानाला. आधी खळखळ, मग तडतड, मग नुसती चुरचुर. मी हॉस्टेलवर दर मिनिटाला झाकण उघडून बघत होतो. प्रत्येक वेळी वाफ बाहेर, आणि हात शिवशिवले की उलथनं आत. "चिकटा तो चिकटने दे," पार्टनर सांगत होता. आईने त्याचं लगेच मराठी केलं, "चिकटले तर चिकटू दे. हात नको लावू."

पहिला घाणा अर्ध्यावर आला असेल. अंधार पडला होता, बाबा गोठ्याकडे गेले होते. आम्ही तिघं चुलीभोवती. तेवढ्यात पालथ्या पातेल्याखाली वाफ कोंडली आणि पातेलं वाजायला लागलं. तडतडतडतड.

आई उठली. पार्टनरही उठला. दोघंही एकाच क्षणाला, तोंडातून शब्द न काढता. आई घराच्या भिंतीपासून लांब सरकली, पार्टनरने माझी कॉलर धरून मला मागे ओढलं. मी आपला कालथा हातात घेऊन बसलेला. मला तो झाकणाचा आवाज वाटला, आणि तो झाकणाचाच होता.

मग सगळे हसले. पण हसताना आईचा हात थरथरत होता आणि पार्टनर लगेच खाली बसला नाही.

तिने त्याला विचारलं, "तुमको कैसे मालूम?"

त्याने सांगितलं. १८ सप्टेंबर २०११. रविवारची संध्याकाळ, सहा वाजून गेलेले, बाहेर पाऊस. तो सात वर्षांचा. त्याची आई मोमोच लावत होती, उकडायचे, मक्तूमध्ये. मक्तू म्हणजे त्यांचं चाळणीचे थर असलेलं मोमोपात्र. आधी त्याचं झाकण वाजायला लागलं. त्याला वाटलं वाफेने वाजतंय. मग मांडणीवरची भांडी खाली आली. ६.९ चा भूकंप होता. शेजारचं सिमेंटचं घर पुढच्या बाजूने बसलं. ते सगळे रात्रभर पावसात ताडपत्रीखाली. त्याच्या आजीचं जुनं घर मात्र जागच्या जागी उभं. लाकडी सांगाडा, त्यात बोरूचे ताटवे, वरून मातीचा गिलावा. 'इकरा' म्हणतात त्याला. हलकं घर, हललं आणि थांबलं. त्या भूकंपात अशी घरं टिकली हे नंतर सिव्हिलच्या अहवालांतही आलं, पण तो आजीमुळेच सिव्हिलला गेला, हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं एका खोलीत राहून मी त्याला विचारलं नव्हतं.

आईने त्याचं हिंदी अर्धं समजून घेतलं असेल, पण घराचं सगळं समजलं. कारण आमचंही घर आधी कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या, वरून शेणमातीचं लिंपण. बाबांनी ते पाडून २०१६ ला विटांचं बांधलं, पतपेढीचं कर्ज काढून. ते बाबांच्या आयुष्यातलं मोठं काम. पुढे त्याच घराला तडे गेले. "कुडाचं बरं होतं" असं आई त्यांच्यासमोर कधीही बोलली नाही, आजतागायत.

मग तिने सांगितलं. माझ्याकडे न बघता, त्याला, तिच्या हिंदीत. त्या शुक्रवारी दुपारी ती आत भाकऱ्या करत होती. तव्यावर भाकरी, मांडणी वाजली, ती पळाली. अंगणात आल्यावर आठवलं की गॅस चालू राहिला. आणि ती परत आत गेली. ओट्यामागची भिंत कोपऱ्यातून सुटत होती, फटीतून उजेड दिसत होता, माती गळत होती. गॅसचं बटण त्याच भिंतीकडे. तिने हात घालून ते बंद केलं आणि बाहेर आली. एवढंच. बाबांना सांगितलं नाही, कारण ते रागावले असते, आणि घराला बोल लागला असता. मला सांगितलं नाही, कारण मी लहान होतो. नंतर मी मोठा झालो, तेव्हा विषय निघाला नाही.

"वो आवाज आता है ना," ती म्हणाली, "तो हात अपने आप..." आणि तिने बटण फिरवल्यासारखा हात केला.

पार्टनर म्हणाला, "हां आंटी."

चुरचुर सुरू झाली होती. पातेलं काढलं, पाणी आटलेलं, तेल आणि पिठाची पातळ जाळी बुडाला धरलेली. उलथनं घातलं तर सगळे एकदम सुटले. आईने ते ताटात पालथे केले. तांबूस बूड वर. बाबा आले, सगळे जेवायला बसलो. व्हिनेगर नव्हतं, म्हणून आंबलेल्या ताडीत लसूण आणि डल्ले कुस्करून चटणी केली (संपादक सर, हे वाक्य कृपया कापू नये, तो पाककृतीचा भाग आहे). चाळीसेक मोमो होते, पाच-सहा फुटले. फुटलेले अर्थातच माझे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्टनर स्वयंपाकघरात शिरला आणि ओट्यामागची भिंत बघत बसला. बाबांनी त्या कोपऱ्यात तेव्हाच सिमेंट भरलं होतं. त्याने बाबांना विचारलं, दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा पट्टा घातला होता का? नव्हता घातला. गवंड्याने सांगितलं नव्हतं. बाबा थोडे आखडले, पाहुण्या पोराने घरात खोट काढली म्हणून. पण तो खोट काढत नव्हता. वहीच्या पानावर त्याने चित्र काढलं, आय.एस. ४३२६ मध्ये असतो तसा पट्टा, आणि जुन्या भिंतीला बाहेरून जाळी आणि प्लास्टर करून तो कसा देता येतो ते दाखवलं. कोपरे कसे बांधायचे तेही. बाबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. काही बोलले नाहीत. आईने त्याच्यासाठी डब्यात जवळा भरला.

एप्रिलमध्ये भात विकून उरलेल्या पैशातून बाबांनी स्वयंपाकघराच्या बाजूचं काम करून घेतलं. फक्त तेवढ्याच बाजूचं, बाकीचं पुढच्या वर्षी. गवंडी म्हणाला, उगाच खर्च. बाबांनी त्याला तो कागद दाखवला.

जुलैमध्ये, रविवारीच, मेस बंद असताना आईचा फोन आला. मागे पावसाचा आवाज. म्हणाली, वाकड्या करंज्या केल्यात, पण चिकटल्यात, काय करू? मी विचारलं, पाणी आटलं का? म्हणाली, वाजतंय अजून. मी म्हटलं मग थांब, हात लावू नको. फोन तिने तसाच चालू ठेवला. खळखळ ऐकू येत होती. स्पीकर लावला, पार्टनरही उठून बसला.

"चूल पडवीत घेतलीस का?" मी विचारलं.

"पडवीत ओल आलीये सगळी," ती म्हणाली. "गॅसवर केल्यात. थांब, आता चुरचुरतंय."